गरोदरपणात ताप आला तर: कोणत्या आजारात किती वेळ हातात असतो

ओपीडीत गरोदर बाईला ‘ताप कधीपासून आहे?’ असं विचारलं की उत्तर बरेचदा सोबत आलेल्या सासूबाई नाहीतर आई देतात. ‘झाले असतील दोन-तीन दिवस.’ दोन की तीन, यात काय मोठंसं, असं घरच्यांना वाटतं. पण फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग होतो. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत भरवशाची असते. कांजिण्या आलेल्या पोराला मांडीवर घेतलं असेल तर इंजेक्शनासाठी दहा दिवस मिळतात. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाच्या बाबतीत बारा तास. विषाणूच्या बऱ्याच आजारांवर हमखास औषध नाही, आणि जे काही करता येतं ते वेळेत केलं तरच लागू पडतं. म्हणून इथे आजारांची यादी दिलेली नाही. दिवस राहण्याच्या आधीपासून बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यापर्यंत काय केव्हा करायचं, त्या क्रमाने लिहिलं आहे.

दिवस राहण्याच्या आधी

मूल हवं असं ठरलं की फोलिक ॲसिडची गोळी सुरू करायची हे आता बऱ्याच जणींना ठाऊक असतं. त्याच वेळी आईला किंवा घरातल्या कुणाला तरी विचारून घ्या: मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या का? एमएमआरची, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस दिली होती का? घरात जुनं लसीकरणाचं कार्ड असेल तर ते शोधा.

प्रश्न मुख्यतः रुबेलाचा आहे. मोठ्या माणसाला रुबेला झाला तर दोन-तीन दिवस अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, कानामागे गाठी, एवढंच. पण गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत झाला तर बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयात दोष होण्याची शक्यता फार मोठी असते, नव्वद टक्क्यांपर्यंत. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदूची बाळं एकामागून एक यायला लागली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तोवर हा आजार कुणी गंभीर मानतच नव्हतं.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे २००३ च्या आधी जन्मलेल्या मुली त्यात नव्हत्या. खासगी दवाखान्यात एमएमआर घेतली असेल किंवा लहानपणी रुबेला होऊन गेला असेल तर ठीक, नसेल तर रुबेला आयजीजी ही रक्ततपासणी करा. संरक्षण नसेल तर लस घ्या आणि पुढचा एक महिना दिवस राहू देऊ नका. कांजिण्यांच्या लसीचंही असंच. या दोन्ही लसी जिवंत विषाणूच्या असल्यामुळे गरोदरपणात देत नाहीत. दिवस गेल्याचं ठाऊक नसताना चुकून घेतली गेली तर तेवढ्यासाठी गर्भपात करण्याचं कारण नाही; डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला.

आता थोडं टॉर्च टेस्टबद्दल, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू, हर्पीस अशा संसर्गांच्या एकत्र रक्ततपासणीबद्दल, कारण या तपासणीने जितक्या बायकांची झोप उडवली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने उडवली असेल. एखादा गर्भपात झाला की कुणीतरी हे पॅनेल करायला सांगतं. रिपोर्टमध्ये सायटोमेगॅलो आयजीजी पॉझिटिव्ह, ठळक अक्षरात, शेजारी बाण. घरी रडारड. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला आणि शरीराकडे त्याची आठवण आहे, इतकंच. सायटोमेगॅलोच्या बाबतीत आपल्याकडच्या बहुसंख्य मोठ्या बायकांचा रिपोर्ट असाच येणार. रुबेलाचा आयजीजी पॉझिटिव्ह असणं तर चांगलीच बातमी आहे. काहीही लक्षण नसताना, सोनोग्राफीत काही दिसत नसताना सरसकट टॉर्च करून घेण्यात मला तरी पैसे आणि मनस्ताप यापलीकडे काही दिसत नाही. आयजीएम, म्हणजे अलीकडच्या संसर्गाची खूण, पॉझिटिव्ह आला तरी एका रिपोर्टवर निर्णय होत नाही. तो चुकून पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण बरंच आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, संसर्ग जुना की नवा हे सांगणारी ॲव्हिडिटी चाचणी, सोनोग्राफी हे सगळं जुळवून मगच बोलायचं असतं.

पहिल्या नावनोंदणीच्या वेळी

सरकारी असो वा खासगी, पहिल्या तपासणीत एचआयव्ही आणि एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची चाचणी झालीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात या मोफत होतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी असते. आशाताईंना विचारलं तर तुमच्या भागातलं केंद्र त्या सांगतील. रिपोर्ट तोंडी ऐकून घरी जाऊ नका. माता व बाल संरक्षण कार्डावर तारखेसकट लिहून घ्या.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर तीन गोष्टी करायच्या. एक, विषाणू किती जोमात वाढतोय ते सांगणारी एचबीइएजी आणि विषाणूचं प्रमाण मोजणारी डीएनए चाचणी, यकृताच्या तपासण्या. प्रमाण फार जास्त असेल तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर ही गोळी देतात, म्हणजे बाळाकडे जाणारा धोका आणखी उतरतो. दोन, नवऱ्याची आणि घरातल्या मुलांची तपासणी, निगेटिव्ह असतील त्यांना लस. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: जन्मल्यावर बारा तासांच्या आत बाळाला लसीचा पहिला डोस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दोन्ही वेगवेगळ्या मांड्यांवर. हे इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक दवाखान्याच्या फ्रिजमध्ये पडलेलं नसतं. महाग असतं, मागवावं लागतं. बाळंतपण रात्री दोनला झालं आणि दुसऱ्या दिवशी रविवार निघाला की बारा तास कसे जातात ते कळत नाही. आठव्या महिन्यातच ते कुठून येणार, कोण आणणार, किती पैसे लागतील हे पक्कं करा. आईला संसर्ग नसेल तरी प्रत्येक बाळाला हिपॅटायटिस बीचा जन्मडोस २४ तासांत मिळायला हवा. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीतून मिळतात.

इतकी घाई का, तर जन्माच्या वेळी हा संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, आणि पुढे ऐन चाळिशी-पन्नाशीत यकृत खराब होणं नाहीतर यकृताचा कर्करोग हे त्याचं फळ. मोठ्या माणसाचं शरीर तो बहुतेक वेळा परतवून लावतं. बाळाला ते जमत नाही. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळाल्यावर अशा आईने अंगावर पाजायला हरकत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत आज चित्र पार बदललं आहे. काहीच औषध नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के, आणि आईने गोळ्या वेळेवर सुरू करून रोज घेतल्या, बाळाला जन्मानंतर औषध दिलं, तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. औषध सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, मोफत आणि जन्मभर. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांना होते. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही असल्यावरून उपचार नाकारायला किंवा भेदभाव करायला मनाई केली आहे. कुणी टाळाटाळ केली तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.

लसींचं बोलायचं तर फ्लूची इंजेक्शनाची लस, जी मृत विषाणूची असते, गरोदरपणात कोणत्याही महिन्यात चालते, पावसाळ्याच्या तोंडावर घेतली तर उत्तम. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या साथीत जगभर दिसलं की गरोदर स्त्रियांना, खास करून शेवटच्या तिमाहीत, न्यूमोनिया पटकन होतो. वाढलेल्या गर्भाशयामुळे फुफ्फुसांना जागाच कमी उरते. आईला मिळालेलं संरक्षण बाळालाही पहिले काही महिने पुरतं, आणि बाळाला स्वतःची फ्लूची लस सहा महिन्यांआधी देता येत नाही.

घरातला डास

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीने काम अर्धंच होतं. दुपारी आडवं व्हाल तेव्हाही मच्छरदाणी लावा.

महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. जून २०२४ मध्ये पुण्यात एरंडवण्यात रुग्ण सापडले आणि मग शहरभर गरोदर स्त्रियांचे नमुने तपासले गेले. खेडं काय आणि शहरातली सोसायटी काय, पाणी साठवलं की झालं.

आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायचा हे सगळे ऐकतात, पण करताना नुसतं पाणी ओतून देतात. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने तगतात. पिंप, रांजण, बादली ओतल्यावर आतून घासणी मारा, उन्हात वाळवा, मग भरा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मुदत.

आता फ्रिज भिंतीपासून थोडा ओढा आणि मागे खाली वाकून बघा. कॉम्प्रेसरच्या वर एक उथळ ट्रे असतो, बर्फ वितळलेलं पाणी त्यात जमतं. बहुतेक घरांत फ्रिज आल्यापासून तो कुणी बाहेर काढलेला नसतो. पाण्यावर धुळीची साय आणि तिच्याखाली टिचकी मारली की वळवळत तळाला जाणाऱ्या बारीक अळ्या. असाच माल कुंडीखालच्या बशीत, मनीप्लांटच्या बाटलीत, एसीच्या नळीखाली ठेवलेल्या डब्यात आणि गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खळग्यात मिळेल. हे काम गरोदर बाईने वाकून करायचं नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी करायचं.

डास पळवणारं डीइइटी असलेलं क्रीम गरोदरपणात चालतं. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उघड्या त्वचेवर लावा. कॉइलच्या धुरात दार बंद करून बसण्यापेक्षा खिडक्यांना जाळ्या बऱ्या.

ताप आला: पहिला दिवस

थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर असेल तर तो ताप. कार्डाच्या मागे लिहा: तारीख, वेळ, किती ताप, कितवा आठवडा. पुढे सगळ्या तपासण्या याच तारखेपासून मोजायच्या आहेत.

पॅरासिटॅमॉलची ५०० किंवा ६५० ची एक गोळी घ्यायला हरकत नाही. दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. पहिल्या तीन महिन्यांत चढा ताप बाळालाही चांगला नसतो, त्यामुळे ‘गोळी नको, सहन कर’ हा सल्ला ऐकू नका. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक मात्र स्वतःहून नाही. डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. मेडिकलमध्ये ‘अंगदुखीचं काहीतरी द्या’ म्हटलं की बरेचदा हीच औषधं मिसळलेली गोळी हातात पडते. गरोदर आहे हे तिथे आधी सांगा. डॉक्टरांनी आधीच प्रेशरसाठी लहान ॲस्पिरिन सुरू केली असेल तर ती चालू ठेवायची का हे त्यांनाच विचारा, आणि त्याच दिवशी विचारा.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. खोकला, घसा, अंगदुखी असेल आणि फ्लूची शंका असेल तर रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू करतात, गरोदरपणात ते देता येतं. दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर ओपीडीची वेळ बघत बसू नका.

आणखी एक. ताप विषाणूचाच आहे हे घरी बसून ठरत नाही. पावसाळ्यात प्रत्येक तापात मलेरियाची तपासणी हवी. मुंबई-कोकणात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या बाईला लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा जंतूंचा आजारही असू शकतो. लघवीचा जंतुसंसर्ग तर गरोदरपणात कायमचाच पाहुणा. या तिन्हींवर नेमकं औषध आहे. ‘व्हायरल असेल’ म्हणून ते राहून जायला नको.

डेंग्यू ठरला तर

पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, पाचव्या दिवसानंतर आयजीएम. पहिल्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही; ताप टिकला तर पुन्हा करा. गरोदर बाईचा डेंग्यू घरी बसून अंगावर काढायचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही तिला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायचं सांगितलं आहे.

घरचे चुकतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी. ताप उतरतो, बाई उठून बसते, घरी सगळ्यांना हायसं वाटतं. डेंग्यूचा धोक्याचा काळ तिथेच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, बीपी घसरतं. या काळात ही लक्षणं दिसली तर निघायचं: पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, अंगावरून रक्त जाणं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, गुंगी. शेवटच्या महिन्यांत पोटदुखीला कळा समजण्याची चूक फार होते. दोन्ही असू शकतं, ते दवाखान्यात ठरू द्या.

प्लेटलेट या एकाच आकड्याकडे सगळं घर डोळे लावून बसतं. डॉक्टर त्याच्याइतकंच हिमॅटोक्रिट बघतात, म्हणजे रक्त किती घट्ट झालं ते. गरोदरपणात रक्त मुळातच पातळ झालेलं असल्यामुळे ही वाढ लपून राहू शकते, म्हणून जुने रिपोर्ट सोबत न्या. सहाव्या महिन्यानंतर प्लेटलेट घटणं आणि यकृताचे आकडे वाढणं हे प्रेशरच्या गंभीर आजारातही होतं. तेव्हा बीपी आणि लघवीतलं प्रथिन तपासलं का, हे विचारायला संकोच करू नका. पपईच्या पानांचा रस गरोदर बाईला पाजू नका. तो गरोदरपणात सुरक्षित आहे असा भरवशाचा पुरावा नाही, आणि त्यापायी उलट्या सुरू झाल्या तर पाणी आणखी कमी होतं. ओआरएस, ताक, शहाळं, पेज यांनी पोट भरत राहील ते बघा, आणि लघवी दर चार-सहा तासांनी होतेय ना ते मोजा.

झिकाचं दुखणं आईला फारसं जाणवत नाही. बहुतेकांना लक्षणंच नसतात, असली तर सौम्य ताप, पुरळ, लाल डोळे. काळजी बाळाच्या डोक्याच्या वाढीची. ब्राझीलमधल्या साथीत लहान डोक्याची बाळं जन्माला आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आणीबाणी जाहीर केली होती. झिका निघाला म्हणजे बाळात दोष असणारच, असं मात्र नाही. ठरावीक अंतराने सोनोग्राफी करत राहायची, डोक्याचा घेर आणि मेंदू बघत. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. नवऱ्याला झाला असेल किंवा तो साथीच्या भागातून आला असेल तर गरोदरपण संपेपर्यंत कंडोम.

चिकुनगुन्यात बाळाला धोका मुख्यतः प्रसूतीच्या आसपास. आईला कळांच्या वेळी ताप असेल तर बाळाला लागण होऊ शकते, आणि सिझेरियन केल्याने ती टळत नाही. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं आणि तिसऱ्या ते सातव्या दिवशी तापतं, दूध सोडतं, अंगावर पुरळ येतं. अशा आईच्या बाळाला आठवडाभर घरी न सोडता नजरेखाली ठेवलेलं बरं.

कावीळ

गरोदरपणातली कावीळ माळ घालून किंवा उतरवून घेण्याची गोष्ट नाही. हे मी जरा कठोरपणे लिहितोय, कारण शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झालेल्या शंभर जणींपैकी वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. पुरुषांत आणि गरोदर नसलेल्या बायकांत हाच आजार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, त्यामुळे ‘आमच्या दिराला माळेने गुण आला होता’ हे खरंही असतं आणि इथे निरुपयोगीही.

हा विषाणू मैलापाणी मिसळलेल्या पाण्यातून येतो. पाइपलाइन फुटली, पाण्याला वास यायला लागला, गल्लीत दोन-चार काविळी निघाल्या, की घरातल्या गरोदर बाईचं पाणी त्याच दिवसापासून उकळायचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तरी. साधं गाळून भागत नाही. उसाचा रस, बर्फाचा गोळा, बाहेरची पाणीपुरी बंद. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात, म्हणून साथ ओसरली असं वाटल्यावरही काही आठवडे उकळत राहा.

भूक मरणं, मळमळ, उजव्या कुशीत दुखणं, लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद. यातली मळमळ सातव्या महिन्यात नव्याने सुरू झाली तर ती डोहाळ्यांची नव्हे. त्याच दिवशी यकृताच्या चाचण्यांसोबत पीटी-आयएनआर करा, म्हणजे रक्त गोठतंय का ते कळतं. बाई असंबद्ध बोलायला लागली, दिवसा झोपून रात्री जागायला लागली तर अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी असलेल्याच ठिकाणी न्या. मधल्या छोट्या दवाखान्यात एक रात्र घालवू नका.

कांजिण्या, आणि कुत्रा चावला तर

घरातल्या पोराच्या अंगावर फोड दिसले, तुम्हाला कांजिण्या पूर्वी झालेल्या नाहीत, किंवा नक्की आठवत नाही. पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून तो संसर्ग पसरत असतो, म्हणजे तुम्ही संपर्कात येऊन गेलेल्याच आहात. आयजीजी तपासा. संरक्षण नसेल तर दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देतात. ते सगळीकडे मिळत नाही, तेव्हा डॉक्टर विषाणूविरोधी गोळ्यांचा पर्याय सुचवतील. तुमच्या अंगावर फोड उठलेच तर पहिल्या २४ तासांत दवाखाना गाठा, मात्र आधी फोन करा, नाहीतर बाहेरच्या बाकावर बसलेल्या दहा गरोदर बायकांना तुम्ही तो वाटाल. ‘देवी आल्यात, औषध द्यायचं नसतं’ असं म्हणणारं वडीलधारं माणूस अजूनही घरोघरी असतं. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायला हरकत नाही, गोळ्या तेवढ्या थांबवू नका. गरोदर बाईला कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

रेबीजही विषाणूच, आणि तो झाल्यावर माणूस वाचत नाही. कुत्रा-मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लस त्याच दिवशी सुरू करा. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे म्हणून यातलं काहीही पुढे ढकलायचं नसतं.

माहेरी जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आपल्याकडे पक्का आहे. सातव्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरते, साड्यांची बॅग निघते, आणि फाइल सासरच्या कपाटात राहते. माहेरच्या दवाखान्यात मग कोरं पान. एचबीएसएजी पॉझिटिव्ह होतं हे तिथल्या सिस्टरना कळतं तेव्हा बाळ दुसऱ्या दिवसाचं झालेलं असतं. काही वेळा मुलीने हे माहेरीही सांगितलेलं नसतं. लाज, भीती, ‘लग्नाआधीचं असेल’ असल्या कुजबुजीचा धसका. म्हणून रिपोर्टचे फोटो तिच्या स्वतःच्या फोनमध्ये असू द्या, आणि नव्या डॉक्टरांशी पहिली भेट एकटीने घ्यायला मिळेल असं बघा. रुबेला, एचआयव्ही, एचबीएसएजी, रक्तगट, गरोदरपणात आलेल्या प्रत्येक तापाची तारीख आणि आठवडा, इतकं तरी त्यात असावं.

जननेंद्रियावर नागिणीसारखे दुखरे फोड शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच आले असतील तर ते कळा सुरू होण्याआधी सांगा. हर्पीस असेल तर सिझेरियनचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना

बाळ झालं की घराचं सगळं लक्ष पाळण्याकडे वळतं, आणि बाळंतिणीचा ताप ‘दूध भरल्याचा’ ठरतो. दूध भरल्याने अंग थोडं गरम होतं, ते एका दिवसात निवतं. पहिल्या २४ तासांनंतर १००.४ च्या वर ताप गेला तर कारण शोधावंच लागतं: गर्भाशयातला जंतुसंसर्ग, टाके, लघवी, स्तनातली गाठ, आणि पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाही. अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, खालच्या पोटात दुखणं, नाडी जोरात चालणं, थंडी वाजून हुडहुडी भरणं यातलं काही असेल तर ती रात्र घरी काढू नका.

बाळंतिणीची खोली हा प्रकार डासाला फार मानवतो. अंधार, पडदे, कपड्यांचे ढीग, खाटेखाली सामान. एडिस डास दिवसा अशाच कोपऱ्यात बसून राहतो. खोलीत उजेड-वारा येऊ द्या, मच्छरदाणी आई आणि बाळ दोघांवर लावा. ओवा-शेपाची धुरी आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी बाळाच्या श्वासाला घातक आहे. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, पोट सुटू नये म्हणून. पाजणाऱ्या बाईचं पाणी तोडणं एरवीही वाईटच, डेंग्यूच्या दिवसांत तर सरळ धोक्याचं.

आई आजारी पडली की पहिला हुकूम सुटतो तो ‘पाजणं बंद’. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. फ्लू, कोविड, डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका, हिपॅटायटिस बी या कशातही पाजणं थांबवायची गरज नाही. फ्लू-कोविडमध्ये मास्क लावून, हात धुऊन पाजा. कांजिण्या प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवसांनंतरपर्यंतच्या काळात उठल्या तर बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. त्याला इम्युनोग्लोब्युलिन हवं, आणि आईला काही दिवस वेगळं ठेवलं तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने देता येतं. स्तनावर हर्पीसचे फोड असतील तर त्या बाजूने पाजू नका, दुसऱ्या बाजूने पाजा. एचआयव्हीत पाजण्याचा निर्णय एआरटी केंद्राच्या सल्ल्याने. आईच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि अंगावरचं व वरचं दूध पहिल्या सहा महिन्यांत एकत्र द्यायचं नाही.

बारशाला गर्दी होणारच. ओठावर जर, म्हणजे तापाचा फोड आलेला माणूस, मग तो सख्खा मामा का असेना, बाळाची पापी घेणार नाही हे आजीने आधीच जाहीर करून टाकावं. आईने सांगितलं तर पाहुण्यांना राग येतो. मोठ्या माणसाच्या ओठावरचा तो फोड हर्पीसचा असतो आणि नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा त्याचं अंग गार पडलं, दूध ओढेना, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

रुबेला किंवा कांजिण्यांचं संरक्षण नव्हतं असं गरोदरपणात कळलेलं असेल, तर त्या लसी आता घेता येतात, पाजत असतानाही. डिस्चार्जच्या दिवशी विचारा, नाहीतर सहा आठवड्यांच्या तपासणीला नक्की. त्याच भेटीत हिपॅटायटिस बी असलेल्या आईने स्वतःच्या यकृताच्या पुढच्या तपासण्या ठरवून घ्याव्यात. बाळाची लस झाली म्हणजे तिचा आजार संपला असं नाही. बाळाची रक्ततपासणी नवव्या ते बाराव्या महिन्यात होते. चिकुनगुन्याची सांधेदुखी कित्येक आठवडे रेंगाळते आणि बाळ उचलताना मनगटं भरून येतात. तेव्हा पाजताना चालणारं वेदनाशामक डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तेही सांगा. १४४१६ वर टेलिमानसची मोफत सेवा मराठीतही बोलते.

फोनमध्ये आणखी तीन क्रमांक ठेवा: गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मोफत वाहनासाठी १०२, आणीबाणीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४. नवऱ्याच्या फोनमध्येही.